नर्सबाई हवी, तर तिच्या शिकण्याचा खर्च कोण करणार?



गेल्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या वाड्यावरच्या एका रापणकाराच्या तळहातात शिंगाळ्याचा काटा घुसला. हात मनगटापर्यंत सुजला, म्हणून चौघांनी मिळून त्याला आरोग्य केंद्रात नेला. डॉक्टर होते, औषध होते, पण जखम धुऊन बांधणारी नर्सबाई एकच, आणि ती आत एका बाळंतिणीपाशी अडकलेली. तीन तास तो गडी बाकावर कण्हत बसला. सोबतचे लोक नर्सबाईवर संतापले, तिला नाही नाही ते बोलले. आता तुम्हीच सांगा, चूक तिची होती काय? तिच्या जागी तिघी हव्या होत्या. बाकीच्या दोघी कुठे आहेत, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आज तोच प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

तुम्हाला शेतीचे सांगायला नको. लावणीच्या दिवशी शेतात तरवा हवा असेल, तर आधी कोणीतरी तो पेरावा लागतो, त्याला पाणी द्यावे लागते, गुरांपासून राखावा लागतो. नर्सबाईचेही तसेच आहे. ती आकाशातून पडत नाही. बारावीनंतर एएनएम व्हायला दोन वर्षे, जीएनएमला तीन वर्षे, बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे लागतात. तेवढा काळ तिचे राहणे, खाणे, पुस्तके, फी आणि शिकवणाऱ्यांचा पगार कोणीतरी भरावा लागतो. तो खर्च कोण करतो, यावर ती उद्या कोणाची सेवा करणार हे ठरते. सगळी मेख इथेच आहे.

देशाला ही गोष्ट नवी नाही. १९४६ साली भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. गोवा त्या हिशेबात नव्हता, कारण आपल्यावर राज्य पोर्तुगिजांचे होते. पण आपलीही एक कहाणी आहे. १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा निघाली. तिथे शिकलेले कितीतरी गोमंतकीय डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत चाकरीला गेले. शाळा आपल्या मातीत, मुले आपली, आणि पीक परक्याच्या कोठारात. वसाहतवाल्यांची ती रीत होती. पण आता राज्य आपले आहे, आणि तरीही तरवा आपल्या वाफ्यात व लावणी दुसऱ्याच्या शेतात, हे का चालू आहे?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाख हव्या होत्या. जगातल्या दर सात परिचारिकांमागे एक जण आपला जन्मदेश सोडून दुसरीकडे काम करते. श्रीमंत देशांना माणसे कमी पडतात, आणि ती आपल्यासारख्यांकडून नेली जातात.

इंग्लंडचेच पाहा. आपल्यातली कितीतरी कुटुंबे तिथे पोचली आहेत, म्हणून हे उदाहरण. तिथे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची फी सरकार भरत असे, वर निर्वाहाला पैसे देत असे. २०१७ साली सरकारने ते बंद केले आणि सांगितले, कर्ज काढा नि शिका. लागलीच अर्ज घटले. शेवटी सप्टेंबर २०२० पासून वर्षाला ५,००० पौंडांची मदत पुन्हा सुरू करावी लागली, आणि ती परत फेडावी लागत नाही. मधल्या काळात आणि त्यानंतरही तिथल्या इस्पितळांनी भारतातून मोठ्या संख्येने परिचारिका नेल्या. आपल्या वाफ्याला पाणी घालायचे टाळले, आणि तयार तरवा दुसऱ्याकडून उचलला.

ज्या मुली जातात त्यांना आम्ही दोष देत नाही, हे स्पष्ट सांगतो. मासेमाराची मुलगी खासगी महाविद्यालयात लाखांनी फी भरते, तेव्हा बापाची होडी नाही तर आईचे दागिने गहाण पडलेले असतात. शिकून बाहेर पडल्यावर तिला इथे पगार किती? खासगी इस्पितळांतल्या परिचारिकांची दशा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितले की ५० पेक्षा कमी खाटांच्या इस्पितळानेही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये. एवढे सांगायला समिती बसवावी लागली, यावरून काय ते समजा. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी मग विमानात बसते. तिला गावाची माया नाही असे नव्हे. तिच्या डोक्यावरचे कर्ज तिला नेते.

याउलट जिची फी सरकारने भरली, जिला वसतिगृह आणि विद्यावेतन मिळाले, जिला पुढे गावाजवळ कायम जागा मिळाली, ती सहसा का जाईल? तिला आपल्या माणसांची भाषा येते. खाजनात दिवसभर चिखलात उभा राहणारा माणूस ताप घेऊन आला, तर तिला लेप्टोची शंका येईल. काजूच्या बागेतून आलेल्या बाईला ताप असेल, तर ती गोचिडीबद्दल विचारील. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात माकडताप निघाला. अशा वेळी घरोघरी फिरून तापाची चौकशी करायला आणि लोकांची समजूत काढायला ओळखीची आरोग्यसेविकाच लागते. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातून ते काम होत नाही.

सरकार म्हणेल, आम्ही करतोच आहोत. खरे आहे, थोडे झाले आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, त्यासाठी १,५७० कोटी रुपये, म्हणजे प्रत्येकी १० कोटी. त्यांतून वर्षाला सुमारे १५,७०० परिचारिका तयार व्हायच्या आहेत. या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ही महाविद्यालये २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून आहेत. आपले गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे नाव १९६३ पासूनचे, त्यामुळे ते या योजनेत बसत नाही. बांबोळीला सरकारी परिचारिका शिक्षण संस्था आहे, ती वाढवण्याचा भार राज्यानेच उचलला पाहिजे. दुसरी, दहा कोटींत इमारत उभी राहील, पण भिंती जखम बांधत नाहीत. शिकवणाऱ्यांचा पगार, मुलींचे विद्यावेतन आणि शिकून आल्यावर भरायची जागा हा खर्च दर वर्षीचा आहे. कोनशिला एकदाच बसते. सरकारांना कोनशिलेची हौस असते, दर वर्षीच्या पगाराचा कंटाळा.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण सगळे खापर सरकारवर फोडून भागत नाही. रात्रपाळी करणारी मुलगी घरात सून म्हणून नको, असे म्हणणारे आपल्यातच आहेत ना? आजारी पडलो की तीच बाय, बरे झालो की तिच्या कामाला नावे. आणखी एक गोष्ट. बीएस्सी नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. जवळच्या उच्च माध्यमिक शाळेत विज्ञान शाखा नसेल, तर तुमच्या मुलीची वाट अकरावीलाच बंद होते. तेव्हा शाळेच्या पालकसभेत तोंड उघडा. मुलग्यांनाही हे शिक्षण घेता येते, हेही विसरू नका.

मग मागायचे काय? गोष्टी तीनच. सरकारी संस्थेतल्या जागा वाढवा, आणि काणकोण, सांगे, सत्तरी, पेडणे अशा लांबच्या तालुक्यांतल्या मुलींना वसतिगृह आणि पोट भरेल एवढे विद्यावेतन द्या. त्याबदल्यात तीन वर्षे ग्रामीण भागात सेवा करण्याचा करार घ्या, आमची हरकत नाही. पण करार दोन्ही बाजूंनी पाळा, शिकून आलेल्या मुलीला कंत्राटावर झुलवत ठेवू नका. आणि प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर फलक लावा: परिचारिका व आरोग्यसेविकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती.

हा फलक लागेपर्यंत वाट बघत बसू नका. येत्या ग्रामसभेत उठून हे तीन आकडे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना भाग आहे. बंदर, बांध, मानशी, खत यांसाठी आपण मोर्चे काढले. माणसाच्या जखमेवर पट्टी बांधणारा हात मागायला मात्र आपण कधी रस्त्यावर आलो नाही.

तो रापणकार आता बरा आहे. पण महिनाभर त्याला दोर ओढता आला नाही, आणि ऐन हंगामात घरात चूल पेटवायला उसने काढावे लागले. त्याची धाकटी आता बारावी होईल. तिला नर्स व्हायचे आहे. फीचा आकडा ऐकून बाप गप्प बसला आहे. त्याचे गप्प बसणे आपल्याला परवडणारे नाही, कारण उद्या त्याच बाकावर तुम्ही किंवा आम्ही बसणार आहोत.