दुकानं बंद, शहर उघडं

म्युनिकला शिकायला आलेल्या मराठी मुलांची पहिली फजिती बहुतेक रविवारी होते. शनिवार कपडे धुण्यात आणि झोप भरून काढण्यात जातो. रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरावं, तर लिडल बंद, आल्दी बंद, रेवेही बंद. रविवारची विश्रांती जर्मनीत थेट राज्यघटनेने राखलेली आहे. 1919च्या वायमार घटनेतलं ते कलम 1949च्या घटनेत तसंच ठेवलं गेलं, आणि म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात येतं ते या बाबतीत विशेष कडक. स्टेशनातली काही दुकानं, बेकऱ्या आणि पेट्रोल पंप सोडले तर शटर वर जात नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या नाक्यावरच्या पिंपात टाकायलाही रविवारी मनाई, कारण खळखळाट होतो. सुट्टी म्हणजे मॉल, हे समीकरण पुण्याहून-ठाण्याहून घेऊन आलेला विद्यार्थी इथे अडकतो. मग मुकाट्याने बाहेर पडतो, आणि शहर त्याला तिथून पुढे कळायला लागतं.

खिशात फार नसतं. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरो हाती येतात. म्युनिकमध्ये त्याचा मोठा घास खोलीचं भाडंच घेतं. हातात असतं ते डॉइशलँड तिकीट. मे 2023मध्ये 49 युरोंना सुरू झालेला हा मासिक पास पुढे महागला. बव्हेरियात शिकणाऱ्यांना तो सवलतीत मिळतो. त्यावर वेगवान आयसीई गाड्या चालत नाहीत. पण देशभरातल्या बस, ट्राम आणि पॅसेंजर गाड्या चालतात. शिवाय सीमेपलीकडच्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंतही जाता येतं. मोझार्टचं गाव पाहून रात्री वसतिगृहावर परत.

एरवी मात्र रविवार शहरातच जातो, कारण त्या दिवशी आल्टे पिनाकोथेकसारख्या सरकारी कलासंग्रहालयांचं तिकीट फक्त एक युरो असतं. एक युरोत आल्ब्रेश्ट ड्यूररचं 1500 सालचं आत्मचित्र. अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार स्वतःला अगदी समोरून, येशूला रंगवावं तसा रंगवतो. त्याचा आत्मविश्वास पाहून जरा रागच येतो. पलीकडच्या दालनात रुबेन्सचा ‘अंतिम न्याय’ आहे, सहा मीटरहून उंच. वास्तुकार लेओ फॉन क्लेंत्सं याने दालनांची उंची या चित्रावरून बेतली असं सांगतात. एका भेटीत सगळं उरकायची घाई इथे करावी लागत नाही, हा त्या एका युरोचा खरा फायदा. दोन चित्रं बघावीत, निघावं, पुढच्या रविवारी पुन्हा यावं.

कधी शहराबाहेर पडावं, तर एस-दोन या लोकलने अर्ध्या तासाच्या आत दाखाऊ येतं. हिटलर चॅन्सलर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, 22 मार्च 1933 रोजी, तिथे छळछावणी उघडली. बारा वर्षांत दोन लाखांहून अधिक कैदी तिथे आणले गेले आणि किमान 41,500 जणांचा बळी गेला. वाचलेल्या कैद्यांच्या आग्रहातून 1965मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. प्रवेशाला पैसे नाहीत. बव्हेरियातल्या माध्यमिक शाळांना मुलांना अशा स्मारकाला न्यावंच लागतं, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलं तर शाळेचे वर्ग दिसतात. आपल्याकडे फुटपाथवर ‘माइन काम्फ’ खुशाल विकलं जातं आणि ‘पण माणसाला शिस्त होती हो’ असं म्हणणारे एखादे काका प्रत्येक घरात निघतात. दाखाऊहून परतलेल्या विद्यार्थ्याला त्या वाक्यावर पूर्वीसारखी मान डोलावता येऊ नये.

मराठी मुलं मनापासून रमतात ती बिअरगार्डनमध्ये, आणि न पिणारीही रमतात. याचं कारण एका जुन्या भांडणात आहे. 1539च्या फर्मानाने बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. भट्ट्यांमुळे आगी लागत. म्हणून वसंतातच बनवलेली बिअर नदीकाठच्या तळघरांत साठवत आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावत. त्या सावलीत लोक बसायला लागले, तसे शहरातले खानावळवाले चिडले. 1812मध्ये राजा माक्सिमिलियान पहिला याने तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, खाण्यात फक्त पाव. झालं, गिऱ्हाईक घरून डबा आणू लागलं. तो हक्क आजही टिकून आहे आणि 1999च्या सरकारी नियमांतही नोंदलेला आहे. पेय तिथलंच घ्यायचं, खाणं घरचं चालतं. फक्त टेबलावर कापड अंथरलेलं नको, कारण ती जागा वेटरच्या राज्यातली.

म्हणजे थालीपीठ, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा उघडून राजाच्या परवानगीने जेवता येतं. शेजारचं बव्हेरियन कुटुंब स्वतःच्या टोपलीतून मीठ लावलेला, मळसूत्री कापलेला मुळा काढतं. इथे ‘राडी’ म्हणतात त्याला. टेबलं लांब आणि सामायिक, त्यामुळे चटणी काय आहे हे विचारणारा कोणी ना कोणी भेटतोच. न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाच्या रसात सोडा घातलेली आप्फेलशोर्लं असते. बिअर साठवायच्या त्या तळघरांची गरज संपवली ती कार्ल फॉन लिंडे या म्युनिकच्याच प्राध्यापकाच्या शीतयंत्राने. आज तिथल्या तंत्र विद्यापीठात मेकॅनिकल शिकणाऱ्या मुलांपुढे हे नाव पुन्हा पुन्हा येतं. बिअर थंड ठेवायचं काम यंत्राकडे गेलं, झाडं मात्र कोणी तोडली नाहीत.

सर्वांत मजेशीर रविवार जुलैतला तिसरा. इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याभोवती सकाळी सहाला ‘कोखर्लबाल’ हा नाचाचा मेळा भरतो. एकोणिसाव्या शतकात म्युनिकमधल्या स्वयंपाकिणी, मोलकरणी आणि गडी मालक उठायच्या आत इथे नाचून घेत. सुट्टी मिळत नसे, म्हणून ही पहाट. 1904मध्ये नीतिमत्तेच्या नावाखाली अधिकाऱ्यांनी तो बंद पाडला. 1989मध्ये, बागेला दोनशे वर्षं झाली तेव्हा, शहराने पुन्हा सुरू केला. आता हजारो लोक अंधारातच मेणबत्त्या आणि न्याहारीच्या टोपल्या घेऊन टेबलं धरतात. वाद्यवृंद पोल्का, वॉल्ट्झ आणि ‘त्स्वीफाखर’ वाजवतो. या शेवटच्या प्रकारात ताल दोन मात्रांवरून तीनवर आणि परत दोनवर उडी मारतो. तबला शिकलेल्यांनाही सुरुवातीला पाय चुकवायला लावतो. मंचावरचा नृत्यशिक्षक पावलं ओरडून सांगत असतो, ती बव्हेरियन बोलीत. जर्मनची गोएथे बी-वन परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाही त्यातलं फारसं समजत नाही. पुढच्या जोडीचे पाय बघून ते नाचतात. दहाला सगळं आटोपतं, आणि उन्हाळी सत्राच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असल्यामुळे निम्मी मुलं तिथूनच वाचनालयाकडे सायकली वळवतात.