चाळीस किलोंचा हिशेब

गळ्याभोवती पट्ट्याने केस झिजलेला गोल वण असतो, पण पट्टा नसतो. अंगापिंडाने दांडगा, जातिवंत दिसणारा कुत्रा एखाद्या सकाळी यंत्रमागाच्या शेडजवळ नाहीतर चहाच्या गाड्यापाशी बावरून उभा असतो. गल्लीतली कुत्री त्याला आपल्या हद्दीत घेत नाहीत. माणसे त्याच्या आकाराला घाबरून दगड उचलतात. उकिरड्यावर पोट भरण्याची त्याला सवय नसते आणि वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडणे तो कधी शिकलेला नसतो. घरात वाढलेल्या या जनावराला कुणीतरी रात्री गाडीतून आणून सोडलेले असते. इचलकरंजीसारख्या शहरातही हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही.

असा कुत्रा दिसला की दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. कुणी म्हणते, महापालिकेला कळवा आणि उचलायला लावा. कुणी कळवळून त्याला त्याच दिवशी घरी नेते. पहिल्या प्रतिक्रियेत माणुसकी कमी पडते, तर दुसरीत विचार. सोडलेल्या मोठ्या कुत्र्याला नवे घर मिळालेच पाहिजे. मात्र घाईने दिलेले घर दोन महिन्यांत सुटते, आणि दुसऱ्यांदा सोडलेला कुत्रा पहिल्यापेक्षा अधिक भेदरलेला आणि म्हणून अधिक धोकादायक असतो. त्यामुळे दत्तक देण्याघेण्याचा हा प्रश्न जितका भूतदयेचा आहे, तितकाच सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

चूक बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच होते. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा ग्रेट डेनचे दोन महिन्यांचे पिल्लू मांडीवर मावते. वर्ष-दीड वर्षात तेच 30 ते 60 किलोंचे होते. मग भाड्याच्या घराचा मालक हरकत घेतो, घरात बाळ येते, कर्त्या माणसाची बदली होते किंवा खाण्याचा आणि औषधांचा खर्च झेपेनासा होतो. त्यातच 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ अशा 23 जातींच्या आयात, पैदास आणि विक्रीला मनाई करण्याचे पत्र राज्यांना धाडले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ते रद्द ठरवले. पण न्यायालयाचा निकाल जितक्या घरांत पोहोचला, त्याहून अधिक घरांत भीती आधी पोहोचली होती. वास्तविक त्या पत्रातही आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांना रस्त्यावर सोडा असे म्हटलेले नव्हते. त्यांची नसबंदी करा, असे म्हटले होते.

कायद्याची अवस्थाही पाहण्याजोगी आहे. पाळीव प्राण्याला सबळ कारणाशिवाय अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे 10 ते 50 रुपये! चहाच्या बिलाएवढ्या दंडाला कोण भिणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ज्याने पट्टा काढून कुत्रा सोडला, त्याचा माग लागणार कसा? कुत्र्याची नोंदच नसेल, तर त्याचा मालकही कागदावर नसतो.

नीट विचाराने दिलेले दुसरे घर काय करू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी स्फोटकांचा शोध घेणारे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे पोलीस दलातील चार लॅब्रेडॉर निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात राहायला गेले. तिथे मोकळी जागा होती, एकमेकांची सोबत होती आणि म्हातारपणातल्या दुखण्यांची कल्पना असलेली माणसे होती. 2016 या एकाच वर्षात चौघेही गेले. त्यांना घेणाऱ्यांना ते फार वर्षे पुरणार नाहीत हे आधीच ठाऊक होते. दत्तक घेण्याची खरी तयारी म्हणतात ती हीच. प्रौढ कुत्रा घरी आणणे म्हणजे त्याचे उरलेले आयुष्य, त्याची दुखणी आणि त्याचा शेवट स्वीकारणे. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य जातींचे आयुष्य जेमतेम आठ ते दहा वर्षांचे असते. पाच वर्षांचा असा कुत्रा आणला, तर तो अर्धे आयुष्य जगून आलेला असतो.

इचलकरंजीत मोठा कुत्रा घेण्याआधी या शहराचाही विचार करावा लागतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. दाट केसांचा, मोठ्या अंगाचा कुत्रा एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली बांधला, तर त्याला उष्माघात होऊ शकतो. धाप थांबेना, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लडबडू लागली, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लगेच पशुवैद्यकाकडे धावावे. मागांचा खडखडाटही विसरून चालणार नाही. कुत्र्याचे कान माणसाहून कितीतरी तिखट असतात. चोवीस तास आवाजात बांधलेला कुत्रा चिडचिडा झाला, तर दोष त्याच्या जातीचा नसतो.

दुसरा विचार पुराचा. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांत पंचगंगेने काठच्या वस्त्यांना घरे सोडायला लावली. ऐन पुरात 40 किलोंचा कुत्रा कडेवर घेऊन निघता येत नाही. नदीकाठच्या भागात राहणाऱ्याने आपण आणि कुत्रा कुठे जाणार, हे पावसाळ्याआधीच ठरवले पाहिजे. पाणी वाढत असताना साखळीला बांधून ठेवलेल्या जनावराची सुटका नसते.

शेतमळ्यावर राखणीला कुत्रा हवा, अशी मागणी हातकणंगले आणि शिरोळच्या उसाच्या पट्ट्यात नेहमीच असते. वरवर पाहता मोठ्या कुत्र्यासाठी ही उत्तम जागा. पण राखण म्हणजे दिवसभर साखळी आणि रात्री एकटेपण असेल, तर ती शिक्षा ठरते. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या शिकारी जातीचा लौकिक मोठा. 2005 मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. पण पळण्यासाठीच घडलेल्या या कुत्र्याला रोज मोकळे धावायला मिळाले नाही, तर तो घर आणि माणसे दोन्ही हैराण करतो. नवे घर शोधताना जागा किती मोठी आहे याइतकेच, तिथे कुत्र्यासाठी कुणाला वेळ आहे का, हेही विचारायला हवे.

आता खर्चाकडे पाहू. कुत्र्याचे बहुतेक औषध वजनावर ठरते. जंताची गोळी साधारणपणे 10 किलो वजनाला एक या हिशेबाने दिली जाते, म्हणजे 40 किलोंच्या कुत्र्याला एका वेळी चार. भुलीचे औषध, प्रतिजैविके, गोचिडांवरचे औषध, सगळ्यांना हाच हिशेब लागू होतो. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा विकार आढळतो. खोल छातीच्या जातींत पोट फुगून पिळ पडण्याचा जीवघेणा प्रकार घडतो. कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखे ताणते. अशा वेळी सकाळची वाट पाहिली, तर कुत्रा हातचा जातो. अशा कुत्र्यांना दिवसातून दोनदा थोडे-थोडे खाऊ घालावे आणि जेवणानंतर लगेच पळवू नये.

माणसाच्या आरोग्याचा सर्वांत मोठा मुद्दा अर्थातच रेबीजचा. 2022-23 मधील देशव्यापी पाहणीवरून भारतात दरवर्षी सुमारे 5,700 माणसे या रोगाने दगावतात, असा अंदाज निघाला. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा उपचार नाही. पण वेळेवर लस घेतली, तर तो जवळजवळ पूर्णपणे टळतो. दत्तक आणलेल्या कुत्र्याच्या लसीचा कागद नसेल, तर त्याला लस दिलेली नाही असेच धरून चालावे आणि पहिल्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. एक बारकावा इथे लक्षात ठेवला पाहिजे. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत काळ जाऊ शकतो. त्यामुळे आज टोचलेली लस, आधीच संसर्ग झालेल्या कुत्र्याला निर्धोक करते असे नाही. रस्त्यावर काही काळ काढलेल्या कुत्र्याचे वागणे पहिले काही महिने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. एकाएकी आलेला चिडचिडेपणा किंवा सुस्ती, गिळायला त्रास, जबडा लोंबणे ही लक्षणे दिसली, तर त्याच्या तोंडात हात घालून ‘घशात हाड अडकले का’ हे पाहणे जिवावर बेतू शकते.

चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. त्वचेत द्यायच्या पद्धतीत ती त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी टोचली जाते. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण दहा दिवस थांबून मग लस घ्यायची, असा त्याचा अर्थ नाही. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून लस टाळणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक. जे लोक सोडलेली कुत्री सांभाळतात, त्यांनी चावा होण्याआधीच प्रतिबंधक लसीचे तीन डोस घेऊन ठेवावेत.

रेबीजखेरीज आणखी दोन रोगांची जाण हवी. पावसाळ्यात जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कुत्र्याला त्याची लस देता येते. जागा धुताना पायांत बूट आणि हातमोजे वापरावेत. दुसरा रोग जलकोषाचा. कत्तलीतले कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्याला खाऊ घातले, तर त्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात आणि त्यासाठी कधी कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. मांस शिजवून घालणे, जंताचे औषध वेळेवर देणे आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांना हात धुवायला लावणे, इतक्या साध्या गोष्टींनी हे टळते.

नव्या घरात कुत्रा रुळायला वेळ लागतो. पहिले तीन दिवस तो भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची रीत कळते आणि तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते, असा ढोबळ हिशेब या क्षेत्रातली मंडळी सांगतात. या काळात पाहुण्यांचा मेळा, फोटो, मिठ्या टाळाव्यात. लहान मूल आणि कुत्रा यांना एकत्र एकटे कधीही सोडू नये. मोठ्या कुत्र्याचे तोंड मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर असते. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

कुत्रा देणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत. त्याने लसींचे कार्ड द्यावे. कुत्रा कुणाला चावला असेल, तर ते लपवू नये. लपवलेला चावा पुढच्या घरातल्या मुलाच्या वाट्याला येतो. शक्य असेल तर नसबंदी करूनच द्यावा, म्हणजे ‘फुकट जातिवंत’ म्हणून पैदाशीसाठी नेणारे आपोआप गळतील. घेणाऱ्याचे घर स्वतः पाहावे. आणि जमले नाही, तर कुत्रा माझ्याकडेच परत आणायचा, एवढे एक वाक्य लिहून द्यावे आणि घ्यावे.

उरतो तो व्यवस्थेचा प्रश्न. 2022 मध्ये इचलकरंजीची नगरपालिका महापालिका झाली. शहर वाढले की जबाबदाऱ्याही वाढतात. पाळीव कुत्र्यांची सक्तीची आणि सोपी नोंदणी, नोंदणीसोबतच रेबीजची लस आणि ज्याला कुत्रा सांभाळणे खरोखर अशक्य झाले आहे त्याला विचारता येईल अशी एक खिडकी, इतकी सुरुवात फार खर्चाची नाही. दरवर्षी 6 जुलैला प्राणिजन्य आजार दिन आणि 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशीच्या लसीकरण शिबिरातच घर हवे असलेल्या कुत्र्यांची आणि कुत्रा हवा असलेल्या कुटुंबांची यादी ठेवता येईल. पशुवैद्यक समोरच असल्याने तपासणी, सल्ला आणि कागदपत्रे एकाच जागी होतील. आज मालकाला लाज वाटते, विचारायला जागा नसते, म्हणून तो अंधार पडल्यावर गाडी काढतो. उजेडात विचारता येईल अशी जागा मिळाली, तर त्यांतले बरेच जण ती वापरतील.

ज्यांना कुत्रा हवा आहे, त्यांनीही पिल्लू विकत आणण्याआधी घर गमावलेल्या एखाद्या प्रौढ कुत्र्याचा विचार करावा. त्याचा आकार, स्वभाव, भूक सारे समोर दिसत असते. पुढे कसा निघेल, याचा जुगार नसतो. मात्र उचलण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून चाळीस किलोंचा हिशेब मांडावा: जागेचा, वेळेचा, पैशाचा आणि पुढच्या सहा-आठ वर्षांचा. हिशेब जमत नसेल, तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही. त्या कुत्र्याच्या गळ्यावर आधीच्या पट्ट्याचा वण आहेच. नवा पट्टा बांधायचा तो शेवटपर्यंत न सोडण्याच्या तयारीनेच.