विश्लेषण : स्किझोफ्रेनियावर औषध आहे, मग उपचारांना उशीर का?

बारावीला उत्तम गुण मिळवून इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा दुसऱ्या वर्षी वर्गात जाईनासा होतो. दार लावून बसतो, आंघोळ टाळतो, रात्रभर जागतो. ‘शेजारचे माझ्याबद्दलच बोलतात’, ‘मोबाइलमधून माझ्यावर पाळत ठेवली जाते’, असे सांगू लागतो. घरच्यांना आधी वाटते अभ्यासाचा ताण, मग वाटते व्यसन, मग ‘बाहेरचे काही’. मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचायला वर्ष-दोन वर्षे लागतात. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच घडते. या आजारात सर्वाधिक नुकसान होते ते या वाया गेलेल्या काळात.

स्किझोफ्रेनिया म्हणजे काय?

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची घडी विस्कटवणारा गंभीर मानसिक आजार आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ ‘दुभंगलेले मन’ असा असल्याने एकाच शरीरात दोन व्यक्तिमत्त्वे, असा समज पसरला आणि चित्रपटांनी तो पक्का केला. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दोन कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे. पुरुषांमध्ये तो बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत, तर स्त्रियांमध्ये थोडा उशिरा सुरू होतो. शिक्षण, नोकरी आणि लग्न यांच्या ऐन वयात तो गाठतो.

लक्षणे कोणती?

कुणी नसताना आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे किंवा आपले विचार इतरांना कळतात अशी ठाम खात्री असणे, बोलण्यात संगती नसणे, ही ठळक लक्षणे. घरचे घाबरतात ती यांनाच. पण दुसरा गट अधिक फसवा असतो. चेहऱ्यावरचे भाव हरपणे, बोलणे कमी होणे, कशातच उत्साह न वाटणे, माणसे टाळणे, स्वच्छतेकडे दुर्लक्ष होणे. याला घरात ‘आळस’ किंवा ‘माज’ म्हटले जाते आणि रुग्णाला बोलणी खावी लागतात. शिवाय एकाग्रता आणि स्मरणशक्तीही घटते. आपण आजारी आहोत हे अनेक रुग्णांना जाणवतच नाही. हा हट्टीपणा नसून आजाराचाच भाग असतो.

हा आजार कशामुळे होतो?

एकच एक कारण नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत हा धोका एक टक्क्याच्या आसपास असतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असल्यास तो सुमारे दहा टक्क्यांवर जातो. म्हणजे अशा दहापैकी नऊ मुलांना हा आजार होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. म्हणजे केवळ जनुके पुरेशी नसतात. गरोदरपणातील व बाळंतपणातील गुंतागुंत, बालपणीचे आघात, किशोरवयात गांजाचे सेवन यांनी धोका वाढतो. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यातील बिघाड लक्षणांशी जोडला जातो. आईवडिलांच्या चुकीच्या संगोपनाने हा आजार होतो, हा जुना सिद्धान्त केव्हाच मोडीत निघाला आहे. करणी, बाधा यांचा तर संबंधच नाही.

निदान आणि उपचार कसे होतात?

रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून स्किझोफ्रेनियाचे निदान होत नाही. या तपासण्या इतर आजार नाहीत ना, हे पाहण्यासाठी असतात. निदान होते ते रुग्णाशी व कुटुंबीयांशी सविस्तर बोलून. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आले आणि उपचारांचे चित्र पालटले. आज अनेक औषधे उपलब्ध आहेत. दोन औषधांनी पुरेसा गुण आला नाही, तर क्लोझापिनचा विचार होतो. मात्र त्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर काही आठवडे परिणाम टिकणारी इंजेक्शने मिळतात.

औषधांनी भास आणि संशय कमी होतात, पण हरवलेला आत्मविश्वास गोळीतून परत येत नाही. त्यासाठी समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण आणि काम हवे. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ पुनर्वसनाचे आणि कुटुंबीयांच्या स्वमदत गटांचे काम करते. अशा संस्था प्रत्येक जिल्ह्यात का नाहीत, हा प्रश्न विचारायला हवा.

औषधे मध्येच का थांबतात?

‘आता बरे वाटते’ हे पहिले कारण. वजन वाढणे, सुस्ती, हातपाय थरथरणे हे दुष्परिणाम दुसरे. तिसरे कारण आपल्याकडचे खास: लग्न. ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून आजार लपवला जातो आणि सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. काही महिन्यांत आजार उलटतो आणि दोन घरे उद्ध्वस्त होतात. औषध किती काळ घ्यायचे, मात्रा कधी कमी करायची, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. दुष्परिणाम होत असतील तर ते सांगावेत. औषध बदलता येते.

कायदा काय सांगतो?

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मरण पावले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, शासकीय सेवेतून उपचारांचा हक्क दिला आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणे बंधनकारक केले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

कुटुंबाने काय करावे?

भासांवरून वाद घालू नये आणि त्यांना दुजोराही देऊ नये. ‘तुला आवाज येतो, त्याचा त्रास होतो, हे कळते, मला मात्र तो ऐकू येत नाही,’ एवढे पुरते. सततची टीका आणि टोमणे यांनी आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे संशोधनातून दिसले आहे. रुग्ण हिंसक असतोच, हाही गैरसमज. बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात, उलट अत्याचाराला तेच अधिक बळी पडतात. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा मात्र कधीही हलक्यात घेऊ नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते किमान तीनपैकी एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. इतर अनेकांनाही उपचारांच्या आधाराने काम आणि संसार करता येतो. मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांसमोर घेतो; मनाच्या आजाराची मात्र कपाटात लपवतो. ही लपवाछपवी थांबली, तर वाया जाणारी वर्षे वाचतील.