अ‍ॅम्प घेताना आधी सेल पाहा

शिरूर-दौंड भागातल्या ज्या घरात नुकतीच इलेक्ट्रिक गिटार आली आहे, त्या घरातल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना हे सांगणं आहे. आता अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, घ्याल. वॅटचा आकडा पाहून घेऊ नका.

वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात. खोलीत सराव करायला एक ते तीन वॅट पुरतात. आवाज भरीव येतो तो स्पीकरमुळे. रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स तीनच वॅटचा, पण स्पीकर 5 इंची. ब्लॅकस्टारचा फ्लाय 3 तेवढ्याच वॅटचा, स्पीकर 3 इंची. जाड तारेला तो तितकी साथ देत नाही. बॉसचा कटाना मिनी सात वॅटचा, 4 इंची.

आता सेलकडे या. या तिन्हींत सहा पेन्सिल सेल बसतात. मार्शलचा एमएस-2 खिशात मावतो, पण त्याला कॉर्डलेस माइकमध्ये असते तशी चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी लागते. सहा चांगल्या पेन्सिल सेलमध्ये तिच्या चार-पाच पट वीज असते. रोज तासभर वाजवणाऱ्याने चौकोनी बॅटरीच्या वाटेला जाऊ नये. पेन्सिल सेल वाडीवरच्या किराणा दुकानातही मिळतात. रिचार्जेबल घेतले तर आणखी बरं. मात्र आठ घ्या: चार्जरमध्ये बहुधा चारच बसतात, म्हणजे चार-चारच्या दोन खेपा पुऱ्या होतात आणि दोन सेल हाताशी राहतात. जुने-नवे एकत्र घालू नका.

स्पार्क गोसारख्या अ‍ॅम्पमध्ये बॅटरी आतच असते आणि मोबाइलच्या चार्जरवर ती चार्ज होते. सोय मोठी आहे. पण रात्री लाइट गेली आणि चार्जिंग राहिलं, तर सेल बदलून वाजवता येत नाही. काही वर्षांनी ती बॅटरी दमते, तेव्हा बदलून कोण देणार, हेही घेतानाच विचारा.

हेडफोन लावायची सोय आहे ना, हे नक्की पाहा. दौंडला रेल्वेची रात्रपाळी, रांजणगाव एमआयडीसीत तीन पाळ्या. पाळी करून आलेला माणूस शेजारच्या खोलीत झोपलेला असतो. त्याची झोप मोडली, तर पहिली बंद होईल ती गिटार.

पुणं दोन्हीकडून साधारण 70 ते 80 किलोमीटर. एक दिवस काढा आणि आपलीच गिटार घेऊन दुकानात जा. सेलवरच वाजवून पाहा. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडा, आवाज हळूहळू वाढवा. डबा थरथरू लागला की त्याची मर्यादा कळली.

परीक्षेच्या दिवसांत अ‍ॅम्प बाजूला पडतो. तेव्हा सेल काढून ठेवा. एका पावसाळ्यात मी ते विसरलो. झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरट-हिरवा थर होता आणि एक टोक खाल्लं गेलं होतं.

एरवी मात्र अ‍ॅम्प कपाटावर चढवू नका. गिटारशेजारीच, सेल घालून तयार ठेवा. शेतावरून, शाळेतून, पाळीवरून आल्यावर दहा मिनिटं मिळाली तरी वाजवता आलं पाहिजे. रोजच्या त्या दहा मिनिटांनीच हात बसतो.