एका पिकअपला दोन टर्बो



रोहिणी नक्षत्र लागले की आमचे पाय गावोगावच्या बीजप्रक्रियेच्या सभांना लागतात. यंदा पेण तालुक्यातील गडबला गेलो होतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे बुडवावे, तरंगेल ते पोचट काढून टाकावे, तळाचे दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, हे दरवर्षीचे सांगून झाले. सभा उठली तसा एक तरुण हातात शाळकरी वही घेऊन पुढे आला.

"साहेब, भाताचं नाही. गाडीचं विचारायचंय."

मी म्हटले, "अरे बाबा, मी बी.एस्सी. अ‍ॅग्री. गाडीचा डॉक्टर नव्हे." पण त्याने वही उघडली आणि मी बसलो तो तासभर उठलो नाही.

घरची शेती खारजमिनीची, एका भाताची. ती वडील बघतात. मुलाने कर्जावर पिकअप घेतला आहे. उन्हाळ्यात पेंढा, एरवी पेणच्या बाजाराला भाजी, आणि ज्येष्ठापासून गणपतीपर्यंत हमरापूर-जोहे भागातील गणेशमूर्ती पुण्याला पोचवायच्या. वर्षाचे हप्ते त्या दोन-अडीच महिन्यांवरच निघतात. तक्रार अशी की बोरघाटात गाडी दम टाकते, काळा धूर ओकते आणि मागचे वाहनवाले हॉर्न वाजवून हैराण करतात. म्हणून त्याने बेत केला होता: मूळच्या टर्बोच्या जोडीला भंगारातून मोठ्या ट्रकचा दुसरा टर्बो आणून बसवायचा आणि पंच्याहत्तर अश्वशक्तीच्या इंजिनाकडून दीडशे काढायची. वहीत खर्चाचा अंदाज पावणेदोन लाखांचा. पैसे कुठून, असे विचारले तेव्हा तो गप्प राहिला. दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईने नुसता हातातल्या पाटल्यांवरून हात फिरवला. मी समजलो.

आता टर्बो म्हणजे काय ते आधी पाहू, कारण हल्ली मोठ्या ट्रॅक्टरलाही तो असतो आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात तो उभा आहे. एका दांड्यावर दोन पंखे. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूकी नावाच्या स्विस इंजिनिअरची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. १९१८ साली अमेरिकेत पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या डोंगरमाथ्यावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली गेली. उंचावर हवा विरळ, इंजिन गुदमरते. टर्बोने ती उणीव भरून काढली.

इंजिनाचे खाणे दोन प्रकारचे, डिझेल आणि हवा. एक किलो डिझेल पुरते जळायला किमान साडेचौदा किलो हवा लागते. धूर न होता चालवायचे तर वीसेक किलो धरावी. आपल्या पिकअपचे इंजिन अडीच लिटरचे. दोन फेऱ्यांत एकदा ते श्वास घेते. म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे असताना १,५०० श्वास, एकूण ३,७५० लिटर हवा. वजनात चार किलोच्या आसपास. दीडशे अश्वशक्ती हवी तर मिनिटाला साधारण नऊ किलो हवा पाहिजे, म्हणजे सव्वादोन पट. पण हवा दाबली की तापते आणि तापली की फुगते, म्हणून दाब सव्वादोन पट करून भागत नाही. इंटरकूलरमधून थंड करून घेतली तरी पावणेतीन पटींच्या पुढे न्यावा लागतो.

इथवर मुलाचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला मान्य केले पाहिजे. दोन टर्बो शेजारी-शेजारी लावून निम्मा-निम्मा धूर वाटून देण्याची रीत चार सिलिंडरच्या एका ओळीच्या इंजिनाला फारशी सोयीची नाही, हेही त्याला ठाऊक होते. त्याने मोठ्यातून दाबलेली हवा धाकट्यात आणि धाकट्यातून इंजिनात, अशी उतरंड मांडली होती. कागदावर ती बरोबर आहे. चूक पुढच्या ओळीत होती. एकाचा दाब ०.७, दुसऱ्याचा ०.७, मिळून १.४, असे त्याने लिहिले होते.

दाबाची अशी बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पहिल्याने हवा १.७ पट केली, तीच दुसऱ्याने पुन्हा १.७ पट केली, की ती २.८९ पट होते. मूळच्या हवेचा १ वजा केला तर वरचा दाब १.८९ राहतो, १.४ नव्हे. वहीतल्या एका बेरजेच्या चिन्हाने हेड गॅस्केटवर आणि पिस्टनवर त्याने न मोजलेला भार टाकला असता. शिवाय तीस अंशांची हवा इतकी दाबली तर पावणेदोनशे अंशांच्या घरात जाते. त्या हवेसाठी मोठा इंटरकूलर, तो बसवायला जागा, मग रेडिएटरपुढची वाट अडते, मग पाणी उकळते.

मी त्याला भाताचेच उदाहरण दिले. युरिया दुप्पट केला म्हणजे भात दुप्पट येत नाही; ते माजते, उंच वाढते आणि लोंबी भरायच्या वेळी लोळते. पीक तेवढेच येते जेवढे सर्वांत कमी पडलेला घटक येऊ देतो. लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे जगाला पटवले आणि दापोलीला आमच्याकडून ते घोकून घेतले गेले. गाडीत हवा आणि डिझेल वाढले, पण क्लच तोच, गिअरपेटी तीच, मागच्या एक्सलचे दाते तेच. घाटात खेच दुप्पट पडली की त्यांतला सर्वांत कच्चा भाग आधी लोळणार. आणि ब्रेक? चढताना वाढलेली ताकद उतरताना उपयोगाची नाही.

तो म्हणाला, "पण साहेब, परदेशात पिकअपला दोन टर्बो येतात." येतात, खरे आहे. फोक्सवॅगनच्या अमारोकमध्ये २०१० सालीच दोन लिटरचे, दोन टर्बोंचे, १६३ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. फोर्डच्या रेंजर रॅप्टरला २०१८ साली तशाच दोन लिटरमधून २१३ काढले आणि त्याला दहा गिअरची पेटी जोडली. पण तिथे कारखान्याने पिस्टनपासून गिअरपर्यंत सारे त्या जोराच्या मापाने बेतले. आपण तयार सदऱ्याला ठिगळ लावणार.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी हेच बोट दाखवते. आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत धूर गाळण्याची यंत्रणा टर्बोशी जखडलेली असते; तिला हात लागला की सारे बिघडते.

मुलगा हिरमुसला. मी म्हटले, चल, गाडी दाखव.

गाडीचे बॉनेट उघडले. एअर फिल्टर काढला तर मातीची ढेप. मुंबई-गोवा महामार्गाचे पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे या पट्ट्याने धूळ खाल्ली. गाड्यांनीही खाल्लीच की. इंटरकूलरच्या जाळीत पेंढ्याचा भुसा आणि चिखल. पण खरा चोर पुढे होता. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला पट्टीखाली बोटभर चीर, भोवती तेलाचा ओशट डाग. मुलाला गाडीत बसवून इंजिन रेटायला लावले तेव्हा तिथून सापासारखा फूत्कार ऐकू आला. टर्बो बिचारा हवा दाबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. डिझेल पुरे, हवा अपुरी; काळा धूर येणार नाही तर काय येईल? त्यावर दुसरा टर्बो म्हणजे फुटक्या पाटाला दुसरा पंप.

हे घरच्या घरी तपासता येते. फिल्टर धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला उघडून पाहावा. कागदी असेल तर आपटून किंवा जोराच्या हवेने फुंकून वर्षानुवर्षे वापरू नये, बदलावा. नळ्यांच्या पट्ट्या दर महिन्याला हाताने हलवून बघाव्यात. इंटरकूलरची जाळी बेताच्या धारेने धुवावी. पाण्याच्या जोराने पाती दुमडतात. आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे तेलाच्या पातळ थरावर तरंगत घेतो, म्हणून तेलाच्या बदलात एकाही वेळेची चालढकल करू नये. घाट चढून आल्या-आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये, एक-दोन मिनिटे संथ चालू द्यावे. तेल थांबले आणि दांडा तापलेलाच राहिला तर तिथेच तेल जळून कोळसा होतो. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

वजनाचेही बोललो. मूर्ती दिसायला मोठ्या पण बहुधा वजनाला हलक्या, त्यांचे ठीक. पेंढ्याबरोबर सिमेंटची पोती टाकून घ्यायची सवय मात्र त्याला होती. जादा भाराचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० आणि इंजिनाचे हाल वेगळे.

परवा त्याचा फोन आला. नळी, पट्ट्या आणि फिल्टर बदलले, दोन हजारांच्या आत काम झाले. पुण्याची पहिली खेप पोचली, घाटात धूर नाही. वेग मात्र "थोडाच वाढला साहेब, मोठे ट्रक अजून पुढे जातात," असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. वहीतले पान त्याने फाडलेले नाही. कधी इंजिन खोलायची वेळ आली तर पुन्हा बघू, म्हणाला. मी त्याला गुणाकाराची आठवण करून दिली आणि आईला नमस्कार सांगितला.