मोर्च्याला माझी आई, तिकिटाला त्यांची सून

१९४२ च्या जुलैत नागपुरात आमच्या आयाबायांनी परिषद भरवली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. कायदेमंडळात अस्पृश्य बायांना राखीव जागा द्या, असा ठराव केला त्यांनी. दिल्लीच्या शहाण्यांना महिलांचं विधेयक सुचलं १९९६ ला. कायदा २०२३ ला, तोही जनगणना अन् मतदारसंघ फेररचनेच्या खुंटीला टांगून!

२०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ बाया निवडून आल्या. त्यातल्या कितींच्या मागं सासऱ्याचा कारखाना, बापाची गादी नव्हती, मोजा. शांताबाई दाणी १९६८ ला विधान परिषदेत गेल्या त्या फेडरेशनच्या कामात चपला झिजवून.

आणि आमचे पुढारी? तेही कुठं धुतल्या तांदळासारखे! लाठी खायला माझी आई पुढं. उमेदवार ठरवायला बसले की तिला म्हणतात, "बाई, जरा चहा टाका."