घरचा जमाखर्च : सहलीचा आंकडा आणि लशीचें कार्ड

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या सेलूच्या घरीं तिन्ही मुलांचे संसार एकत्र जमले होते. थोरला नागपुरास असतो, मधला पुण्यास, आणि धाकटा येथेंच आम्हां दोघांजवळ. एका पंगतीला अकरा पानें मांडलीं म्हणजे वाढणारीला कंबर धरून उभें राहावें लागतें. पण घर भरल्यासारखें वाटतें तें त्याच दिवसांत. चकलीचा पहिला डबा रिकामा होतो न होतो, तोंच नातवंडांनीं ठराव मांडला कीं, या सुटींत खोपोलीजवळच्या त्या मोठ्या करमणुकीच्या उद्यानांत जावयाचें. उद्यानाचें नांव 'इमॅजिका'. तें २०१३ सालीं सुरू झालें. पुण्याची नात तेथें एकदां जाऊन आलेली, त्यामुळें तिच्या शब्दाला त्या सभेंत वेदवाक्याचें मोल होतें.

पूर्वीं असला हट्ट आपोआप विरत असे. सेलूच्या मुलांची सहल म्हणजे केळझरचा गणपति, पवनारला धाम नदीचें पात्र, नाहीं तर बोर धरण. डबे घरचे, सतरंजी घरची, खर्च काय तो एस. टी.चा. आतां समृद्धि महामार्ग आमच्या तालुक्याच्या शिवारांतूनच गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं तो नागपुरापासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा तुकडाही सुरू झाला. दूरचें जवळ आलें हें खरें. पण जवळ आलेलें फुकट येत नाहीं. रस्ता सुरू झाला तेव्हां मोटारीला दर किलोमीटरमागें १ रुपया ७३ पैसे पथकर होता, तो एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाला. दोन मोटारी, जाणें आणि येणें, म्हणजे पेट्रोलचा थेंबही न जाळतां पांच हजारांच्या वर रुपये रस्त्यालाच वाहावयाचे.

आमच्या घरीं हिशेबाची वही यांच्या हातीं असते. रात्रीं पंगत उठल्यावर यांनीं चष्मा लावून अंदाज मांडला. अकरा माणसांचें प्रवेशमूल्य, दोन रात्रींच्या खोल्या, पेट्रोल, पथकर, आणि बहुतेक ठिकाणीं बाहेरचा डबा आंत नेऊं देत नाहींत म्हणून आंतल्या खाण्याचें निराळें कलम. बेरीज साठ हजारांच्या पुढें गेली. यांनीं ती दोनदां केली. दुसऱ्यांदां ती आठशें रुपयांनीं वाढलीच. सरकारानें १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आणला तेव्हां अशा उद्यानांवर तो शेंकडा २८ होता, आणि २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ वर आला, हें यांना तोंडपाठ होतें. परंतु कर उतरला म्हणून तिकीट उतरल्याचें यांच्या वहींत कोठें सांपडेना.

ही महागाई आपल्याच नशिबीं आहे असेंही नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें तेव्हां मोठ्या माणसाला आंत जाण्यास एक डॉलर आणि मुलाला अर्धा डॉलर पडत असे. पाळण्यांचीं तिकिटें अर्थात् वेगळीं. आज गर्दीच्या दिवशीं तेथील एका दिवसाचें तिकीट दोनशें डॉलरांच्या वर आहे. नागपुराजवळ स्वस्तांत होईल असें थोरल्यानें सुचवून पाहिलें. पण २००५ च्या उन्हाळ्यांत पी. साईनाथ यांनीं बाजारगांवची पाणीटंचाई आणि तेथेंच चाललेल्या जलक्रीडा यांविषयीं जें लिहिलें, तें वाचल्यापासून यांना त्या पाण्यांत पाऊल टाकवत नाहीं. असो. भाऊ-भाऊ मिळून वांटा उचलूं म्हणाले, यांनींही पोस्टांतील ठेवीकडे एक नजर टाकली, आणि जाण्याचें जवळजवळ ठरलें.

मुलांच्या जन्मतारखा लिहून घ्याव्या म्हणून धाकट्या सुनेनें कागदांची पिशवी आणली, आणि तींतून लशींचें कार्ड निघालें. मोठ्या सुनेला नजर टाकण्याची संवय. ती म्हणाली, "अगं, याची गोवर-रुबेलाची दुसरी टोचणी कोठें दिसत नाहीं ती?" धाकटीचा मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा. ही टोचणी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान व्हावयाची असते. धाकटी कांहीं बोलली नाहीं. तिनें कार्ड घडी करून परत पिशवींत ठेवलें आणि मांडीवरच्या आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन ती आंत गेली.

आमची ही सून रसायनशास्त्रांत एम. एस्सी. झालेली आहे. हें मुद्दाम सांगतें. कारण लस न टोचणारी आई म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें कोणी अडाणी बाई उभी राहते. मी तिच्यामागें गेलें. ती म्हणाली, "आई, मला सगळें समजतें. पण पहिल्या टोचणीनंतर आठव्या दिवशीं याला ताप भरला तो तीन दिवस उतरला नाहीं. ते तीन दिवस मी पुन्हां काढूं शकणार नाहीं असें वाटलें. मग उद्यां करूं, परवां करूं..." दुसरेंही एक कारण होतें. तिचें माहेर यवतमाळचें. ३१ जानेवारी २०२१ रोजीं त्या जिल्ह्यांत घाटंजी तालुक्यांतील कापसी-कोपरी येथें बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजीं हात धुण्याचें जंतुनाशक पाजलें गेलें. तीं मुलें वाचलीं, ही देवाची कृपा. पण ती बातमी जिच्या माहेरच्या अंगणांतून ऐकूं आली, तिला 'तुला कांहीं समजत नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटेना. शिवाय मोबाइलवर येणारे निरोप. त्यांत औषधापेक्षां भयच अधिक असतें, आणि तें रात्रीं दोन वाजतां, मूल तापानें फणफणत असतांना वाचावयाचें!

माझ्या आत्याबाई एका डोळ्यानें आंधळ्या होत्या. सहा वर्षांच्या असतांना त्यांना देवी आल्या. त्याच वर्षीं गांवांत देवी काढणारा येऊन गेला होता. पण पोरीचा दंड पिकेल, दहा दिवस शाळा बुडेल म्हणून माझ्या आजोबांनीं त्याला ओसरीवरूनच परत पाठविलें. आजोबा निर्दय नव्हते; चार बुकें वाचलेले, पोरीवर जीव टाकणारे होते. त्यांना भय दंडाचें वाटलें, डोळ्याचें सुचलेंच नाहीं. पुढें आत्याबाईंचें लग्न बिजवराशीं झालें. त्यांच्या तोंडून बापाविषयीं वांकडा शब्द आम्हीं कधीं ऐकला नाहीं. पण घरांत कोणाचें मूल टोचावयाचें असलें कीं त्या स्वतः त्याला कडेवर घेऊन जात.

थोर माणसेंही या बाबतींत चुकलीं आहेत. आमच्यापासून घटकाभराच्या वाटेवर सेवाग्राम आहे. तेथें १९३६ सालीं येऊन राहिलेल्या गांधीजींनीं फार पूर्वींपासून देवीच्या लशीविरुद्ध उघड लिहिलें होतें. ती लस त्यांना अमंगळ वाटे. आणि त्यांच्याच सहवासांत राहिलेल्या, त्यांची शुश्रूषा केलेल्या डॉ. सुशीला नायर १९६२ सालीं देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या, त्याच वर्षीं देवीच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढें १९६९ सालीं सेवाग्रामचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें तेंही त्यांच्याच हातून. भारतांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आढळला, आणि १९८० सालीं साऱ्या जगांतून ती हद्दपार झाल्याचें जाहीर झालें. गुरूबद्दलचा आदर आणि गुरूच्या एका मताचा त्याग हीं दोन्हीं एका घरांत नांदूं शकतात, हें पाहावयाला आम्हांला फार लांब जावें लागत नाहीं.

यांचें म्हणणें निराळेंच पडलें. "गोवर आम्हां सर्वांना येऊन गेला, त्यांत एवढें काय?" ज्यांना येऊन गेला ते बोलावयाला राहिले, हें आपण विसरतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं देखील जगांत सुमारें १ लाख ७ हजार माणसें गोवरानें गेलीं, आणि त्यांत बहुतेक पांच वर्षांच्या आंतलीं मुलें होतीं. या रोगाइतका झपाट्यानें पसरणारा दुसरा रोग क्वचितच असेल. रोगी खोलींतून निघून गेला तरी त्याचें विष हवेंत दोन तासांपर्यंत राहूं शकतें. ज्यांना लस नाहीं आणि पूर्वीं गोवर आलेला नाहीं अशीं दहा माणसें रोग्याच्या सान्निध्यांत आलीं, तर त्यांतलीं नऊ आजारी पडतात. अंगावर पुरळ उमटण्याच्या चार दिवस आधींपासून तो पसरूं लागतो. म्हणजे मूल नुसतें शिंकत आहे, पडसें असेल असें म्हणून आई त्याला रांगेंत घेऊन उभी आहे, आणि रोग आपलें काम करीत आहे.

अशा रांगेची गोष्टही झालेली आहे, आणि ती वर सांगितलेल्या डिस्नेलँडचीच. २०१४ च्या डिसेंबरांत, नाताळच्या गर्दींत तेथें गोवर शिरला. कॅलिफोर्नियांत या सांथीचे १३१ रोगी नोंदले गेले. त्यांतील पहिल्या ११० जणांची चौकशी झाली तेव्हां ४९ जणांना लस मुळींच टोचलेली नव्हती; त्यांपैकीं १२ तर टोचण्याचें वयही न झालेलीं तान्हीं मुलें होतीं. या बारांच्या आयांनीं काय चूक केली होती? आपल्याकडे २०२२ च्या हिंवाळ्यांत मुंबईंत गोवंडीला, मालेगांवला, भिवंडीला गोवर पसरला, तेव्हां सरकारला सांथीच्या वस्त्यांतील सहा महिन्यांच्या मुलांनाही एक जादा टोचणी द्यावी लागली.

मग लस नवव्या महिन्यापर्यंत थांबवितात तरी कां? आईच्या रक्तांतून बाळाला कांहीं दिवस पुरेल एवढें संरक्षण मिळालेलें असतें. तें अंगांत आहे तोंवर टोचलें तर लस नीट लागत नाहीं, आणि तें ओसरल्यावर थांबलें तर मूल उघडें पडतें. आठव्या महिन्यांतील आमची चिमी नेमकी त्या उंबरठ्यावर होती. दुसऱ्या टोचणीचाही अर्थ आपण चुकीचा घेतों. पहिलीला जोर आणण्यासाठीं ती आहे असें मीही समजत होतें. तसें नाहीं. नवव्या महिन्यांत टोचलेल्या १०० मुलांपैकीं सुमारें ८५ जणांना ती लागते. उरलेलीं पंधरा कोणतीं हें तोंडाकडे पाहून कळत नाहीं, म्हणून सर्वांनाच पुन्हां टोचावयाचें. आमचा नातू पंचाऐंशींतला कीं पंधरांतला, हें कोण सांगणार? ताप मात्र सांगून येतो : टोचल्यानंतर सातव्या ते बाराव्या दिवसांत कांहीं मुलांना तो येतोच, आणि बहुधा दोन दिवसांत उतरतो. हें सुनेला पहिल्याच वेळीं कोणी नीट सांगितलें असतें, तर दोन वर्षें वांचलीं असतीं. टोचणाऱ्यानें कापसाचा बोळा धरून 'ताप येईल' एवढे दोन शब्द टाकले होते. केव्हां आणि किती, तें नाहीं.

तिला आणखी एक भय होतें, स्वमग्नतेचें. १९९८ सालीं विलायतेंतील 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत बारा मुलांवरून तसा एक निबंध आला होता. तो २०१० सालीं त्याच पत्रानें मागें घेतला. २०१९ सालीं डेन्मार्कमधील साडेसहा लाखांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तींत असा कांहीं संबंध आढळला नाहीं. हें पुण्याच्या मुलानें वाचून दाखविलें. सून ऐकत होती. पण तिचें लक्ष, मला वाटतें, आत्याबाईंच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे होतें.

तिसऱ्या दिवशीं ती आपण होऊन उठली. सरकारी दवाखान्यांत टोचणीचा वार होता. मुलगा, सून आणि मी, तिघें नातवाला घेऊन गेलों. एक पैसा पडला नाहीं. कुपी सुनेनें हातांत घेऊन वाचली, तारीख पाहिली. परिचारिकेनें रागावल्याशिवाय ती वाचूं दिली, याबद्दल मी तिची ऋणी आहें. सहल रद्द झाली नाहीं, पुढें ढकलली गेली : चिमीचे नऊ महिने भरावे, तिला टोचावें, वर महिनाभर जावा, मग पाहूं. पुण्याच्या नातीनें दोन दिवस अबोला धरला. मंडळी बोर धरणावर जाऊन आली. खर्च पेट्रोल धरून नऊशें रुपये, आणि वानरांनीं पळविलेला चिवड्याचा डबा वेगळा.

आठव्या दिवशीं संध्याकाळीं नातवाला ताप भरला. थोरले दोघे आपापल्या गांवीं परतले होते, घर सुनें होतें. सून तापमापक घेऊन त्याच्या उशाशीं बसली. मी समोर बसलें. शंभर, मग एकशेंएक. तिनें मोबाइल उचलला, आणि माझ्याकडे पाहून पालथा ठेवला. मध्यरात्रीं तिनें मला विचारलें, "आत्याबाईंना दोन्ही डोळ्यांनीं कधीं दिसत होतें, तें त्यांना आठवत असे का हो?" मी सांगितलें कीं त्यांना एकच गोष्ट आठवे : तुळशीवृंदावनावरचा दिवा. पहांटे चारला मुलाच्या कपाळाला घाम आला. सहा वाजतां त्यानें उठून लाडू मागितला.

चिमीची टोचणी मार्गशीर्षांत झाली; तिला ताप आलाच नाहीं. यांनीं वही पुन्हां काढली आहे. यावेळीं एक अडचण नवी आहे. तेथें मुलांचें तिकीट वयावर नसून उंचीवर असतें असें नातीनें सांगितलें, तेव्हां यांनीं साऱ्यांना दाराच्या चौकटीशीं उभें करून पेन्सिलीच्या खुणा केल्या. नागपूरचा नातू या चार महिन्यांत खुणेच्या दोन बोटें वर गेला आहे. त्याचें आतां पुरें तिकीट पडेल.